दुपट्ट्याखालची जीप

तेल्हाऱ्याची ही जीप चौथी. पहिली मूर्तिजापुरात पाहिली. तिच्या बॉनेटमधून एरंडाचं झाड वर आलेलं होतं आणि मालकानं आधीच सांगून टाकलं की झाड काढायची मजुरी घेणाऱ्याकडे. दुसरी अकोल्यात, तिचं एंजिन एका दुकानात, बॉडी दुसऱ्या दुकानात आणि कागदपत्रं दुकानदाराच्या सासुरवाडीला होती. तिसरी घराजवळ, दर्यापुरातच निघाली, चांगली धडधाकट, फक्त ती विकायची नव्हती. आपल्या गाडीला भाव काय येतो एवढंच त्या गृहस्थांना पाहायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी भांबुरकर घराण्याला दोनदा चहा पाजला.

चौथीची जाहिरात मात्र भारी होती. गोपालनं ती फोनवरून मोठ्यानं वाचून दाखवली होती. 'अस्सल फोर बाय फोर, १९६४, मिलिटरीची, एकहाती वापर. शौकिनांनीच फोन करावा.' मिलिटरीची आणि तरी एकहाती, म्हणजे त्या एका हातानं साठ वर्षं कोणती लढाई चालवली असेल, असं पौर्णिमाच्या मनात आलं. ती बोलली नाही. घरात तिला बोलायला बोलावलेलं नव्हतं, सही करायला बोलावलेलं होतं.

गोपालच्या गाडीत पाच जण होते. पुढे वामनराव, थोरले म्हणून. मागे खिडकीशी खुशालराव, धाकटे म्हणून मागे बसावं लागलं, त्या रागानं तोंड खिडकीबाहेर. मधे वामनरावांची बायको जमुनाबाई आणि दुसऱ्या टोकाला त्यांची सून पौर्णिमा. गोपाल हा खुशालरावांचा मुलगा. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरची एक बाभूळ कोणी तोडली यावरून हे दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे थेट बोलत नव्हते. एरवी दिवसभर बोलत होते.

"गोपाल, तुह्या मोठ्या बाबाले म्हना काच वर करा. धूळ येऊन राह्यली," खुशालराव म्हणाले.

"गोपाल, तुह्या बापाले सांग, धूळ सोसत नसंन त घरी बसाचं होतं," वामनराव पुढूनच म्हणाले.

गोपालनं काच अर्ध्यावर आणली. त्याचं सगळं आयुष्यच या काचेसारखं अर्ध्यावर चाललं होतं. अमरावतीत त्यानं आधी मोबाइलचं दुकान काढलं, मग लग्नातल्या ड्रोनचा धंदा केला आणि आता त्याला वडिलांच्या वावरात हुरडा पार्टीचं केंद्र काढायचं होतं. पुण्यामुंबईचे पाहुणे अमरावतीला उतरणार, त्यांना जुन्या जीपमधून वावरात आणणार, शेकोटीवर हुरडा भाजून देणार. या सगळ्यात हुरडा सोपा होता. जीप अवघड होती.

जीपच हवी, कारण भांबुरकरांकडे एकेकाळी जीप होती. वामनराव-खुशालरावांचे वडील आबासाहेब यांची जीप. ती विकून छत्तीस वर्षं झाली होती, पण घरातल्या बोलण्यातून ती कधी गेली नाही. उलट दरवर्षी थोडी मोठी होत गेली. सुरुवातीला तिच्यात आठ माणसं मावायची, आता खुशालरावांच्या सांगण्यात सतरा मावत होती. एकदा ती पुरात पूर्णा ओलांडून गेली होती, असंही अलीकडे ऐकू येऊ लागलं होतं.

ठरलं असं होतं: जीप उभी राहणार खुशालरावांच्या वावरात, नाव लागणार वामनरावांचं, चालवणार गोपाल आणि पैसे येणार पौर्णिमाच्या प्लॉटचे.

हा प्लॉट अकोल्यात खडकीला होता. पौर्णिमाच्या नवऱ्यानं, बंडूनं, तो तिच्या नावानं घेतला आणि दोन वर्षांनी काविळीनं गेला. त्याला चार वर्षं झाली. पौर्णिमा अकोल्याच्या आयटीआयमध्ये कंत्राटावर मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत होती. तिचे वडील मूर्तिजापूरला स्टेशनाजवळ गॅरेज चालवायचे आणि पाळण्याऐवजी ती टायरमध्ये झोपलेली होती, असं तिची आई सांगायची. त्या प्लॉटवर स्वतःच्या गॅरेजची एक शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि पाठीमागे दोन खोल्या काढायच्या, एवढंच तिला आयुष्यात पाहिजे होतं. दरवर्षी जूनमध्ये कंत्राट वाढेल की नाही म्हणून ती साहेबांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची, ते तिला थांबवायचं होतं. पण तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे प्लॉट घरचाच आहे, असं घरच्यांचं गणित होतं. जीपच्या बॉनेटवर 'बंडू' असं नाव रंगवायचं कबूल करून त्यांनी ते गणित सोडवलंही होतं.

प्लॉटला गिऱ्हाईक गोपालनंच आणलं होतं. करारनामा स्टँप पेपरवर छापून त्याच्या बॅगेत तयार होता. संध्याकाळी पाचला अकोल्यात सही.

पौर्णिमानं एकच अट घातली होती, "गाडी मी खालून पाहीन. धड असली त विचार करीन."

"पाह्य ना," वामनराव म्हणाले होते. "पाहाले कोन नाई म्हनते? पारख आमी करू, तू पाह्य."

आणि शेवटचं, सगळ्यांत वजनदार कारण जमुनाबाई होत्या. "इले जीपमध्ये बसाची लय हौस," असं वामनराव महिनाभर सांगत होते. "आता सत्तरीले आली. किती दिवस राह्यले?" जमुनाबाई ते ऐकून पदर नीट करायच्या. त्यांना हौस आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सांगितलंही नव्हतं.

जीपवाल्या सूर्यभानचं घर तेल्हाऱ्याबाहेर वावरातच होतं. माणूस पन्नाशीचा, गोड बोलणारा. जुन्या गाड्या घ्यायच्या, रंगवायच्या आणि आठवणींसकट विकायच्या, हा त्याचा धंदा. त्यानं आल्या आल्या वामनरावांच्या पायाला हात लावला आणि मग थोडं थांबून, अंदाज घेऊन, खुशालरावांच्याही लावला.

"आबासाहेबांचे पोरं का तुमी? माहा बाप त्यायचं नाव घे."

सूर्यभानच्या बापानं आबासाहेबांचं नाव कधी घेतलं असेल तर ते गोपालच्या फोननंतर घेतलं असेल, पण दोन्ही भावांच्या छात्या एकदमच फुगल्या.

जीप निंबाखाली उभी होती. हिरवा रंग इतका ताजा की टेकलेल्या माणसाचा सदरा सैन्यात भरती झाला असता. बॉनेटवर पांढरा तारा, मागे तेलाचा डबा, पुढे दोन शोधदिवे आणि आरशाला लिंबूमिरची.

वामनराव जीपभोवती तीन वेळा फिरले. एके काळी दर्यापूर ते अकोट बैल घ्यायचा म्हटला की लोक आधी वामनरावांना गाडीभाडं पाठवायचे. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवत, जबडा उघडत, शेपटी पिळत, दहा पावलं चालवत आणि मग मान हलवत. त्या मानेवर सौदे होत. पण लोकांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतले आणि गेल्या दहा वर्षांत वामनरावांना कोणी काही विचारलं नव्हतं. आज विचारत होते. त्यांनी बॉनेटवर थाप मारली. टायर दाबून पाहिलं. मग बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून जबडा पाहावा तसं पाहिलं. दिसलं काहीच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दोन वर्षं पुढे ढकलत होते आणि हे फक्त जमुनाबाईंना माहीत होतं.

"दात पुरे हायेत," ते म्हणाले.

खुशालरावांची पद्धत वेगळी होती. ते आवाजावर जायचे. त्यांनी एंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटले आणि मान डोलावत राहिले. "आबाच्या जीपचाच आवाज," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. आबांची जीप पेट्रोलवर चालायची आणि हिला केव्हातरी डिझेलचं एंजिन बसवलेलं होतं. दोघींच्या आवाजात तबला आणि पीठगिरणी एवढा फरक होता. पण आठवण एकदा ऐकू यायला लागली की माणूस एंजिन ऐकत नाही.

पौर्णिमा तोवर पोतं पसरून गाडीखाली शिरली होती. साडीचा पदर खोचलेला, तोंडात छोटी बॅटरी. तिनं आधी चासीवरचा नंबर पुसला, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि गाडीच्या आरसी पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला. एवढं एक खरं निघालं. मग ती पुढच्या चाकांकडे सरकली.

खरं सांगायचं तर गाडी वाईट निघावी अशी तिची फार इच्छा होती. म्हणूनच ती एकदा पाहून बाहेर आली, पाणी प्यायली आणि परत खाली शिरली. आपल्या मनाला जे हवं तेच डोळ्यांनी पाहिलं असेल, अशी भीती तिला वाटली. घरच्या पारख्यांना अशी भीती कधी वाटलेली नव्हती.

ती दुसऱ्यांदा खाली होती, तेव्हा वामनरावांनी सूर्यभानला गोठ्यामागे नेलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारातली ही जुनी रीत. तोंडानं भाव बोलायचा नाही, दुपट्ट्याखाली बोटं धरायची. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. अख्खं बोट म्हणजे लाख, दुमडलेलं बोट म्हणजे पन्नास हजार. बोटं दाबली गेली, सुटली, परत दाबली गेली. शेवटी चार अख्खी आणि एक दुमडलेलं यावर दोघे थांबले. हात सुटले म्हणजे शब्द दिला. यापेक्षा मोठा करार वामनरावांनी आयुष्यात केला नव्हता.

"धाकट्याले सांगू नोको," ते म्हणाले.

"काहून सांगीन?" सूर्यभान म्हणाला.

पाच मिनिटांनी खुशालराव मोटारपंपाच्या खोलीपाशी गेले. त्यांच्याही खांद्यावर दुपट्टा होता. जीप थोरल्याच्या शब्दानं आली तर ती थोरल्याची होणार आणि आपल्या वावरात ती पाहुण्यासारखी उभी राहणार, हे त्यांना सहन होणार नव्हतं. सूर्यभाननं गरिबासारखं तोंड केलं आणि दुपट्ट्याखाली हात दिला. इथे पाच अख्खी बोटं लागली.

अशा रीतीनं घराण्याच्या दोन पारख्यांनी, एकमेकांपासून लपवून, एकाच जीपवर, एकाच सुनेच्या पैशानं बोली लावली. भाव वाढवायला तिसऱ्या माणसाची गरजच पडली नाही.

चहा आला. सूर्यभाननं बशीत ओतला, फुंकर मारली आणि हसत म्हणाला, "मोठ्या मालकानं साडेचार देल्ले, लहान्या मालकानं पाच. आता घरातल्या घरात काय थे ठरवा. मले दोन्ही चालते."

गोपालच्या लक्षात हिशेब यायला वेळ लागला, कारण त्याला नेहमीच लागायचा.

"म्हणजे?" तो म्हणाला. "बाबा, तुमी मोठ्या बाबाच्या वर बोली लावली?"

"मले काय मालूम थो आधी लावून आला?"

"गोपाल, तुह्या बापाले विचार, मोठा भाऊ असतानी यानं दुपट्टा काढलाच काहून?"

"आनि तुह्या मोठ्या बाबाले विचार..."

"मामाजी," पौर्णिमा गाडीखालून बाहेर येत सासऱ्यांना म्हणाली. तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. "दुपट्टे ठेवा दोघंई. ही फोर बाय फोर, चारी चाकायनं चालनारी, नाईच हाये."

सूर्यभानची बशी तोंडाजवळ थांबली.

"समोरच्या चाकाले ताकद नेते थो दांडा असते ना, शाफ्ट, थो काढून टाकला हाये. दोन्हीकडची तोंडं जुनी गंजून बसली. आतमध्ये त्याचा दुसरा लिव्हर हाये, थो नुसता हलते. मांग सवारीच्या जीपा चालत ना मूर्तिजापूर-दर्यापूर, तवा डिझेल वाचवाले असे शाफ्ट काढत. माह्या बाबानं शंभर काढले असतीन."

"शाफ्ट काय, भंगारात भेटते," सूर्यभान म्हणाला. "लावून घ्याचा."

"मंग जाहिरातीत अस्सल काहून लिवलं? आन् लावल्यावर पुढच्या चाकायची गिअरपेटी चालते का नाई, थे कोन सांगन? जिले पंचवीस-तीस वर्षं कोणी फिरवलं नाई तिच्यात काय उरलं असंन?"

गोपालनं वामनरावांकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. "वहिनीचं म्हननं..."

"हात सुटला," वामनराव म्हणाले.

"काय?"

"दुपट्ट्याखाली हात सुटला, शब्द गेला. भांबुरकराचा शब्द हाये."

पौर्णिमाला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "मामाजी, बैलबाजारातच ना? तिथी खोड लपवली त सौदा मोडते. तुमीच सांगत होते. लाथाड्या बैल तुमी सहा दिवसांनी वापस केल्ता म्हनून."

"थो बैल होता. गाडीले काय खोड असते?"

"मघा तुमी तिचे दात पायले!"

वामनराव उत्तर देणार तेवढ्यात, अकरा वर्षांत कधी घडलं नव्हतं ते घडलं. खुशालराव त्यांच्याकडे वळले. गोपालकडे नाही, थेट त्यांच्याकडे.

"दादा, शब्द म्हंजे शब्द. आबा असते त त्यायनंई हेच म्हटलं असतं."

वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खुशाल," ते म्हणाले. "तू पाच म्हटले ना? मंग पाचच. मोठा म्हनून मी तुह्या शब्दाच्या खाली नाई जाणार."

"नाई दादा, तुहे साडेचारच मोठे."

"नाई नाई. पाच."

एका बाभळीनं तुटलेलं नातं पौर्णिमाच्या प्लॉटवर जुळलं. दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. गोपालनं फोन काढून त्याचा व्हिडिओ केला. सूर्यभाननं डोळे टिपले. त्याला इतकं भरून पूर्वी कोणत्याच गाडीवर आलं नव्हतं.

मग गोपालनं बॅग उघडली आणि करारनामा बाहेर काढला.

"वहिनी, पाचाले गिऱ्हाईक येऊन राह्यलं अकोल्यात. शाफ्ट आपण मागावून बसवू. तूच बसवजो ना. तुले येते."

"बंडूचं नाव लागन बॉनेटवर," खुशालराव मऊ आवाजात म्हणाले.

"आनि हिची हौस," वामनरावांनी जमुनाबाईंकडे बोट दाखवलं. "आपल्या सासूसाठी एवढं नाई करनार तू?"

पौर्णिमा उभीच राहिली. तिला रडू येत होतं आणि रडली असती तर सगळ्यांनी त्याला होकार समजून घेतलं असतं. नाही म्हणायचं तर सासूच्या तोंडावर म्हणावं लागणार होतं. चार वर्षांत या घरातून तिला महिन्याच्या महिन्याला न चुकता फोन करणारं एकच माणूस होतं आणि ते तिच्या समोर पदर धरून बसलं होतं.

जमुनाबाईंनी कप खाली ठेवला.

"मले बसू त द्या," त्या म्हणाल्या. "हौस माह्यी हाये ना? मंग आधी बसू द्या. पौर्णिमाच चालवन."

सगळ्यांना एकदम आनंद झाला. सूर्यभान स्वतः सीट पुसायला धावला. जमुनाबाई एक हात सुनेच्या खांद्यावर टेकून वर चढल्या आणि पुढच्या सीटवर पाय जुळवून बसल्या. पौर्णिमानं किल्ली फिरवली. जीप हादरली, मग धडधडायला लागली.

"रस्त्यानं घ्या ताई, रस्त्यानं," सूर्यभान ओरडला.

"तिकडे घे वो," जमुनाबाई म्हणाल्या आणि समोरच्या वावराकडे हात केला. हरभरा पेरायला कालच तिथे ओलित केलेलं होतं. काळी माती पाणी पिऊन फुगून बसली होती. "फोर बाय फोर म्हंजे चिखलात जाते म्हनत होता ना गोपाल?"

पौर्णिमानं सासूकडे पाहिलं. मग दुसरा लिव्हर ओढला, पहिला गिअर टाकला आणि जीप धुऱ्यावरून वावरात उतरवली. दहा पावलं ती गेली. मग मागची चाकं फिरत राहिली आणि पुढची चाकं त्यांच्याकडे बघत उभी राहिली. जीप मागून खाली बसत चालली. पौर्णिमानं एंजिन बंद केलं. धुऱ्यावरून पुरुषमंडळी हात हलवून काही सांगत होती, पण ते इथवर नीट येत नव्हतं.

जमुनाबाई समोर बघत होत्या.

"आबासाहेबांच्या जीपमध्ये मी एकदाई नाई बसली," त्या म्हणाल्या. "घरातली कोणतीच बाई नाई बसली. बायका मांगून छकड्यानं येत."

"आत्याबाई..."

"बंडूच्या वेळेस कळा चालू झाल्या. जीप दारातच होती. आबा म्हने, जीप प्रचाराले चालली. यायनंई काई म्हटलं नाई. हे खाली मान घालून बैल जुपाले गेले. छकड्यात घातलं मले अन् दर्यापूरले काढलं. पूर्णेच्या पुलापाशी झाला बंडू. वाटेत. सासूनं लुगडं आडवं धरलं." त्यांनी सीटवरून हात फिरवला. ताज्या रंगानं बोटं हिरवी झाली. "सांजच्याला जीप घरी आली तवा तिच्यात झेंडे होते."

पौर्णिमानं किल्ली काढून मुठीत धरली.

"हौस नाई असं नाई म्हनत मी. खोटं काहून बोलू? होती. अठ्ठेचाळीस वर्षं होती. वाटे, एक डाव त्या सीटवर बसावं अन् गावातून जावं." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "आता बसली. कमर दुखून राह्यली. एवढंच हाये वो हे. उतर."

त्या चिखलात उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि सुनेचा हात धरून धुऱ्याकडे चालत आल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल. वामनराव पुढे झाले.

"कशी वाटली?"

"बसली. झाली हौस," जमुनाबाई म्हणाल्या. "आता नोको मले."

"नोको कसं? शब्द देल्ला ना!"

"तुमी देल्ला. दुपट्ट्याखाली तुमचा हात होता, भाऊजीचा होता. पौर्णिमाचा नवता. तुमचा शब्द तुमी पाळा, तुमच्या वावरावर पाळा. पोरीच्या जागेले हात नोका लावू."

"अवं, लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले त माह्यी हौस सांगतली तुमी. आता हे सांगजा."

वामनरावांनी भावाकडे पाहिलं. खुशालराव वावराकडे पाहत होते. तिथे त्यांचं पाच बोटांचं वैभव मागच्या अंगानं अजून थोडं खाली गेलं होतं. स्वतःच्या वावरावर शब्द पाळायचा म्हटल्यावर दोघांनाही गाडीच्या खोडी एकेक दिसू लागल्या. "आवाज मले पहिल्यापासूनच बरोबर नवता वाटत," खुशालराव म्हणाले. "मंग पाच काहून देल्ले?" वामनराव म्हणाले. मग खुशालरावांनी मान फिरवली आणि गोपालला हाक मारली, "गोपाल, तुह्या मोठ्या बाबाले सांग..."

जमुनाबाईंनी गोपालच्या हातातला करारनामा घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि पौर्णिमाच्या हातात दिला. पौर्णिमानं चार तुकडे केले, ते पर्समध्ये टाकले आणि त्यानंतर तिला जे रडू आलं ते तिनं येऊ दिलं.

"आधी मले माह्यी जीप काढून द्या," सूर्यभान म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात ना मोठे मालक होते, ना लहाने. "इथल्या ट्रॅक्टरवाल्याले सांजेपर्यंत येळ नाई. बैल आना का ढकला."

आणि बैलांची चार तालुक्यांत प्रसिद्ध असलेली पारख धोतर वर खोचून चिखलात उतरली. धाकटी पारख दुसऱ्या बाजूनं उतरली. गोपाल स्टिअरिंगवर बसला.

सासू-सुना मोटारपंपावर पाय धुऊन सडकेला आल्या. तेल्हाऱ्याहून अकोल्याची बस अर्ध्या तासात होती. पौर्णिमाला वाटलं, सासूबाई थोड्या वेळानं परत वळतील, गोपालच्या गाडीतून घरी जातील, रात्रीच्या भाकरी टाकतील. पन्नास वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण जमुनाबाई सडकेच्या कडेला बस यायच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या.

"आत्याबाई, तुमाले दर्यापूरले सोडून देऊ का?"

"दर्यापूरले काहून? मी तुह्यासंग अकोल्याले येऊन राह्यली."

"माह्या खोलीवर?"

"खोलीवर मंग जाऊ. आधी थो प्लॉट दाखव मले. बंडूनं घेतला तवापासून सारे नुसते त्याच्याबद्दल बोलून राह्यले. मले कोणी नेलं नाई."

पौर्णिमानं पदरानं कपाळावरचं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला. ते आणखीच पसरलं.

"तिथी काईच नाई, आत्याबाई. चार खुंट्या अन् गवत हाये."

"असू दे वो," जमुनाबाई म्हणाल्या. "गवतात बसू."